बहात्तर मिलिमीटरची खाच

नाही, मला एक सांगा, झाकण म्हणजे असं काय मोठं हो? बशीएवढं, पितळेचं, गोल, सपाट! पण आमच्या भौतिकशास्त्र विभागात साधं झाकण करून हवं असेल ना, तर... बसा, बसा, उठू नका, लांबणारं प्रकरण आहे.

तुम्हाला सांगते, सहा वर्षं पीएचडी करत होते मी. सहा! मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागली आणि माझं उपकरण अजून रांगतच होतं! त्यातली हवा काढायची, द्रवरूप हेलियमने ते थंड करायचं, एवढंच काम. पण झाकणाखालचं रबरी कडं मेलं सारखं सरकायचं आणि हवा आत! बरं, हेलियम काय नळाला येतं? हेलियमवाले काका वहीत बघून म्हणाले, "गुरुवारी तुमचा नंबर. चुकला की थेट पुढच्या वर्षी, यंत्र दुरुस्तीला जातंय." आणि माझी मुदत याच वर्षी संपणार! म्हणजे गुरुवार गेला की सहा वर्षं पाण्यात.

धावले वर्कशॉपमध्ये. म्हटलं, "मिस्त्रीकाका, झाकण हवंय नवं, असंच, फक्त जरा जाड..."

"ताई, तोंडी नाही. कागदावर आहे ते होणार!"

काढलं बाई ड्रॉईंग. जाडी, व्यास, भोकं, सगळं खऱ्या मापात. आता त्यावर सही आमच्या गाईडसरांची. सरांनी कागद पुढे ओढला, त्यावर चहाचा कप ठेवला, फोनवर वीस मिनिटं कुणाला तरी काटेकोरपणाचं महत्त्व समजावलं, कप उचलला, सही ठोकली. कागदाकडे बघितलं? छे! मी तरी कुठे बघितलं, पळत सुटले!

बुधवारी संध्याकाळी झाकण हातात. काय चकाकत होतं! आणि त्यावर ही गोल खाच!

"काका, हे काय?"

"खाच. ड्रॉईंगमध्ये आहे."

बघते तर... कपाचा डाग! मिस्त्री थंड. "बहात्तर मिलिमीटर. खोली दिली नव्हती, दोन धरली. एका जागी रेघ तुटक होती, ती माझ्या मनाने जोडली, तेवढं सांभाळून घ्या."

"अहो, चहा सांडलाय तो!"

"खाली साहेबांची सही आहे. कागदावर आहे ते होणार!"

रडले हो मी, चक्क लेथ मशीनला टेकून रडले. दुसरं करायला वेळ कुठला? गुरुवारी तेच बसवलं, खाचेची बाजू खाली करून. आणि काय सांगू... कडं त्या खाचेत असं चपखल बसलं, हवेची काय बिशाद आत यायची! उपकरण मुकाट्याने थंड झालं, आकडे आले! नाचत वर्कशॉपमध्ये गेले, तर मिस्त्री म्हणतात, "खाच नसेल तर कडं सरकणारच की."

"मग सहा वर्षांत बोलला नाहीत?"

"कागदावर नव्हती ना!"

असो. प्रबंध झाला, तोंडी परीक्षा आली. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा कपाळावर चढवून झाकण न्याहाळतात काय, आणि म्हणतात काय, "वा! इतकी साधी युक्ती! कुणाला सुचली?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर खाकरले.

"माझीच कल्पना."

अशी तिडीक गेली डोक्यात! धावपळ माझी, रडणं माझं, आणि... पण शेवटच्या कागदावर त्यांची सही बाकी होती. आणि भांडणार तरी कशाच्या जोरावर? कप त्यांचाच होता की हो!