घोटभर पाणी

...नाही, पण मला एक सांगा, ऑपरेशन कुणाचं होतं? माझं! हर्निया कुणाला? मला! मग फळं कुणाच्या उशाशी, 'आता कसं वाटतंय' कुणाला, कुणाच्या उशीखाली अजून एक उशी?... थांबा, थांबा. मला चिडायला बंदी आहे, टाके आहेत. पहिल्यापासून सांगतो.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. स्कूल कसलं, एक गाडी, एक पाटी आणि मी. जन्म गेला लोकांच्या शेजारच्या सीटवर बसून. शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक असतो तसा माझ्याही पायाशी एक असतो, आणि त्याच्या जोरावर, तुम्हाला सांगतो, समोरून ट्रक अंगावर येऊ दे, शिकणाऱ्या बाई डोळे मिटून किंचाळू देत, माझा आवाज चढत नाही. "घाबरू नका. समोर बघा. श्वास घ्या. क्लच हळूच सोडा." बस्स! आणि असला मी, दंडाला तो बीपीचा पट्टा बांधला की संपलो! तो फुस्स फुस्स करून फुगायला लागला की आकडा चढलाच! का? तर तिथे माझ्या पायाशी ब्रेक नाही ना!

बरं, हर्निया झाला कशाने? लोकांनी भर चौकात बंद पाडलेली गाडी ढकलून ढकलून! ते लायसन घेऊन गेले, मी जांघेत हात धरून बसलो. सर्जन म्हणाले, "लवकर करून टाका. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल." ऐकूनच माझा अर्धा जीव गेला, उरलेल्या अर्ध्याने तारीख घेतली.

आता प्रश्न गोळ्यांचा. मला बीपीच्या दोन. सकाळी छोटी पांढरी, रात्री जेवणानंतर पिवळी. पिवळी आमच्या हिलाही आहे, तीच, त्याच पाकिटातली. रोज रात्री एकच ग्लास पाणी भरायचं, अर्धं माझं, अर्धं तिचं... लग्नानंतर हौस म्हणून एका ताटात जेवतात ना, तसं आमचं उतारवयात गोळ्यांचं! भांडण झालेलं असो, अबोला असो, ग्लास एकच. ती बोलत नाही, नुसता सरकवते. ते असो.

तर आमचा मेव्हणा! त्याचं एकदा अपेंडिक्स काढलंय, तेव्हापासून तो स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. "दाजी, ऑपरेशन म्हणजे पोट रिकामं! रिकामं म्हणजे रिकामं! गोळीसुद्धा नाही! मी काय मेलो का?" म्हटलं, खरंच, मेलेला तर दिसत नाही. केल्या दोन्ही गोळ्या बंद. दवाखान्यात पट्टा फुगला, सिस्टरने आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग परत आकडा बघितला आणि डॉक्टरांना आणायला पळत सुटली. पळत हो! तारीख रद्द.

दुसऱ्या वेळी म्हटलं, नसती भानगड नको, सगळ्याच घेऊन टाकू. सकाळी उठून पांढरी घेतली, पिवळी घेतली, आणि उपाशीपोटी गोळी बाधेल म्हणून चहा घेतला. भूल देणारे डॉक्टर आले, तरुण, गोड बोलणारे. "काका, सकाळी काय घेतलंत?" सांगितलं. "चहा दुधाचा?" म्हटलं, हो, आणि दोन बिस्किटं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "बिस्किटं," हळूच म्हणाले, "दोन." तारीख रद्द!

तिसऱ्या वेळेच्या आधी त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं, मेव्हणाही मागोमाग आलाच, आणि डॉक्टर खुर्ची फिरवून सरळ हिच्यासमोर बसले. "काकू, तुम्ही ऐका." ऑपरेशन कुणाचं? माझं! समजावतात कुणाला? हिला! "पांढरी चालू ठेवायची. ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा द्यायची, फक्त घोटभर पाण्याबरोबर. पिवळी आदल्या रात्री नाही. भूल दिल्यावर त्या गोळीने यांचं बीपी एकदम घसरू शकतं. आणि हे यांच्यापुरतं आहे हं, दुसऱ्या कुणाला लागू नाही." हे शेवटचं मेव्हण्याकडे बघून. मेव्हणा छताकडे बघत होता.

झालं, घरात हिचं राज्य! पिवळ्या गोळ्या कपाटात, कपड्यांच्या तळाशी. मी काय त्यांच्यावर धाड घालणार होतो? आणि तो घोट! ऑपरेशनच्या सकाळी पांढरी गोळी हातावर ठेवली आणि खोकल्याच्या औषधाचं झाकण पुढे केलं. म्हटलं, "अगं, हा घोट? याने चिमणीची तहान भागणार नाही!" "तुमचा घोट म्हणजे अर्धा तांब्या असतो. हाच घ्या." घेतला. गोळी घशात, मी दवाखान्यात.

मागून उघडा असलेला तो झगा चढवला, कॉटवर बसलो. सिस्टरने दंडाला पट्टा बांधला. डोळे मिटले. फुस्स... फुस्स... आणि धप्प! म्हटलं, गेलं, आतडं अडकलं! डोळे उघडून बघतो तर ही खाली बसलेली, भिंतीला टेकून, चेहरा पांढराफटक! सगळे धावले. माझ्या दंडाचा पट्टा खर्रकन सोडला आणि हिच्या दंडाला! ऑपरेशन कुणाचं? माझं! बीपी कुणाचं वाढलं? हिचं! हिला उचलून शेजारच्या कॉटवर निजवलं, ते गोड डॉक्टर आले. "काकू, तुम्हालाही बीपीची गोळी आहे? काल घेतली होती?"

"नाही."

"का?"

ही माझ्याकडे बघते. "यांना द्यायची नव्हती ना. ग्लास भरला होता मी... पण एकटीला घोट उतरेना हो."

डॉक्टर म्हणाले, रात्रीची गोळी नाही, झोप नाही, सकाळपासून पोटात काही नाही, वर काळजी, मग चक्कर येणारच. 'हे यांच्यापुरतं' म्हणून मेव्हण्याला बजावलं, आणि ऐकलं नाही ते हिने! तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी हर्निया-बिर्निया सगळं विसरलो. ही उठून बसेल ना, एवढीच एक भीती. एका हाताने झगा मागून आवळून धरला, उतरलो, हिच्या कॉटशी जाऊन बसलो आणि तोंडातून आपोआप निघालं, "घाबरू नका. समोर बघा. श्वास घ्या. हळूच सोडा..."

"क्लच नाहीये माझ्याकडे," ही पुटपुटली. "आणि अहोजाहो काय करताय?"

म्हटलं, बोलतेय म्हणजे ठीक आहे! मी आपला चालूच, श्वास घ्या, सोडा, श्वास घ्या, सोडा... सिस्टरने माझा दंड कधी धरला, पट्टा कधी बांधला, देवाशप्पथ, कळलंच नाही. एकदम ओरडली, "काका, तुमचं बीपी छान आलंय!" येणारच! गाडी दुसरं कुणी चालवत असलं की मी शांतच असतो. डॉक्टर म्हणाले, "चला, चला, पुन्हा बिघडायच्या आत घ्या यांना!" आणि नेलं की मला ढकलत. आयुष्यात पहिल्यांदा मी बसलोय आणि लोक ढकलतायत!

शुद्धीवर येतो तर काय, माझ्या कॉटशी कुणी नाही! सगळे हिच्याभोवती. मेव्हणा हिला सफरचंद भरवतोय. "ताई, घाबरवलंस बाई!" म्हटलं, अरे, इकडे पोट कापलंय माझं! "हो दाजी, आलोच," आणि दुसरी फोड हिच्याच तोंडात.

रात्री डॉक्टर माझं बीपी बघून गेले, पिवळी परत सुरू करा म्हणाले. ही स्वतः उठली. आता चालू शकत होती. एकच ग्लास भरला. माझ्या तोंडात गोळी ठेवली, ग्लास लावला... डोळे भरून आले हो माझे. एक घोट घेतला, दुसरा घेणार तेवढ्यात ग्लास गायब! हिने स्वतःची गोळी टाकली आणि उरलेलं सगळं पाणी माझ्यासमोर उभी राहून घटाघट पिऊन टाकलं!

म्हटलं, "अगं, अर्धं माझं असतं!"

"डॉक्टरांनी तुम्हाला घोटभरच सांगितलंय."

ते सकाळचं होतं, असं म्हणेपर्यंत हिने ग्लास धुऊन पालथा घातलासुद्धा. ऑपरेशन माझं, टाके माझे, तहानही माझीच... आणि ब्रेक? तो पहिल्यापासून हिच्याच पायाशी आहे. मी आपलं समोर बघतो आणि श्वास घेतो.