मशीन तापेपर्यंत

...नाही नाही ताई, घाई केली की सुरकुती पडते, आणि प्लास्टिकातली सुरकुती म्हणजे जन्माची — त्यापेक्षा कपाळावरची परवडली. तो लाल दिवा दिसतोय ना? तो हिरवा होईस्तोवर लॅमिनेशनचं मशीन गार. बसा. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, डाव्या अंगाला रेलून बसा म्हणजे हलणार नाही. हां, अस्सं. बघू तरी सर्टिफिकेट — वा, सोनेरी किनार! मी शिकलेला नाही हं, अक्षर लावून लावून वाचतो, पण हे वाचायची गरजच नाही, हे तोंडपाठ आहे मला. वरच्या मजल्यावरचा हॉल ना? कोटवाले सर? एका दिवसात डेटाबेस सांभाळायला शिका, जेवण धरून? मग घरचंच काम झालं की! तुमचं धरून एकतीस झाली ही. सर शिकवतात, मी प्लास्टिकात घालतो. दोघांचंही दुकान चाललंय.

आता मला सांगा — रागावू नका, म्हाताऱ्याला चौकशा फार — सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच ना? त्यात सरांची ओळख, ती सरच करून देणार, म्हणजे पाऊण तास गेला. जेवण एक तास. फोटो अर्धा तास, कारण प्रत्येकाला सरांच्या शेजारीच उभं राहायचं असतं. चहा दोनदा. मग राहिलं काय? आँ? पडद्यावर दाखवायचं यंत्र पण बंद पडलं होतं? घ्या! आमच्या आईला मला बुटाची नाडी बांधायला शिकवताना आठवडा लागला होता, आणि त्यात मी घरातला हुशार. इथं मात्र चार तासांत हजारो माणसांची नावं, पत्ते, आजार, जन्मतारखा सांभाळायला शिकून मोकळे! आणि फी किती, तर तेवढ्यात जोड्याला धड तळवासुद्धा लावून मिळत नाही.

हसू नका, डेटाबेस म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तीस जणांनी तुमच्यासारखंच त्या स्टुलावर बसून समजावलंय — तिसांनी तीस तऱ्हांनी. मी आपला प्रत्येकाला एकच विचारतो, बाबा रे, बिघडलं तर काय करायचं ते शिकवलं का? एक जण म्हणतो कसा — आजोबा, तो पुढच्या रविवारचा कोर्स! म्हणजे या रविवारी गाडी हाकायची आणि ब्रेक पुढच्या रविवारी. एक चष्मेवाला होता, भला पोरगा, पाणीखात्यात लागला. तिथं एका कारकुनाची जन्मतारीख चुकली होती, ती नीट करायला घेतली. तारीख टाकली, बटण दाबलं — कोणाची ते सांगायचं राहिलं. चारशे माणसं, ताई, एका क्षणात एकाच दिवशी जन्मली! शिपाई, साहेब, साहेबांचे साहेब — सगळी जुळी भावंडं! सगळे एकाच दिवशी रिटायर होणार म्हणून वर पत्रसुद्धा गेलं. कॉम्प्युटर बिचारा काय करणार, त्याला कोण सांगणार की असं नसतं रे बाबा. चष्मेवाला हल्ली छत्र्या विकतो. येतो अधूनमधून. म्हणतो, आजोबा, छत्री गिऱ्हाइकाला उघडून दाखवता तरी येते.

तुम्ही कुठं लागलात? उद्यापासून? हॉस्पिटलात — कुठल्या? पुलापलीकडच्या, बाळंतपणाच्या?

हं. नाही, काही नाही. दिवा अजून लालच आहे.

याची कॉपी आहे ना तुमच्याकडे? ही एकच? अहो ताई! प्रत्येक गोष्टीची कॉपी ठेवा, हे तरी शिकवलं असेल की काल? शिकवलं. वहीत लिहूनपण घेतलंत. आणि हे एवढं एकुलतं एक घेऊन आलात, कोण कुठल्या म्हाताऱ्याच्या तापल्या मशीनमध्ये घालायला! — त्याला हात नका लावू. ते कात्रीखालचं काळं कार्ड. नमुना आहे तो. कशाचा म्हणजे... नमुन्याचं काय एवढं. माझाच नमुना.

खोटं कशाला बोलू, मीपण एका दिवसाचाच आहे. एकाचा कसला, अर्ध्याचाच. मी होतो तो कारखाना बंद पडला तेव्हा हे मशीन घेतलं. विकणारा येऊन शिकवून गेला — इकडून घाला, तिकडून काढा. काय घालायचं नाही ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एक गुळगुळीत कागद असतो बघा, शाईनं नाही, उष्णतेनं छापतात. पावत्यांचा असतो. सोनोग्राफीच्या फोटोचा असतो. गरम रुळांतून गेला की अख्खा काळा. आमच्या सुनेचा होता तो फोटो. सहाव्या महिन्यात पोटातच गेलं पोर, आणि मागं राहिला हा एवढा एक — नाकाची रेघ दिसायची त्यात. कडा दुमडायला लागल्या, तर म्हणाली, बाबा, तुमच्या मशीनमधून काढून द्या, टिकेल. टिकला की. बघा, पाणीसुद्धा आत जायचं नाही.

आणि मी तिला सांगितलं, हरवला. कुठं ठेवला ते आठवत नाही म्हटलं. चार दिवस शोधत होती, याच स्टुलावर चढून वरची फळी न् फळी. मीपण शोधत होतो तिच्याबरोबर — लाज बघा माणसाची — हे खिशात ठेवून.

मग गुपचूप पुलापलीकडं गेलो. म्हटलं, त्यांच्या कॉम्प्युटरात असेल, दुसरा काढून देतील. टेबलावरचा पोरगा म्हणाला, आजोबा, जुनं सगळं उडालं. कॉपी होती, रोजची रोज काढत होतो, पण उघडून कुणी बघितली नव्हती — रिकामी निघाली. त्याच्या डोक्यामागं भिंतीवर सर्टिफिकेट. सोनेरी किनार, आणि डाव्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा. तो बुडबुडा मी लगेच ओळखला, ताई. माझ्याच हातचा. आता बोलणार काय त्याला? मी कुठल्या तोंडानं बोलणार?

त्याच्याच खुर्चीवर चाललात तुम्ही.

दिवा हिरवा झाला, दिसतंय मला. बंद करतोय. नाही लावत. हे घ्या, साधं कव्हर — यात घातलेलं परत काढता येतं. नोकरी सोडा असं नाही म्हणत मी, पोटाला लागतंच. पण उद्या गेल्या गेल्या कशाला हात लावू नका. विचारा, कॉपी कुठं आहे, आणि म्हणा, माझ्यादेखत उघडून दाखवा. हसतील. हसू देत. म्हणा, मला येत नाही, मी एका दिवसाची आहे, शिकवा. आणि चुकलं ना पोरी — चुकणारच गं — तर त्याच दिवशी सांगून टाक. दुसऱ्या दिवशी ते जड होतं. तीन वर्षांनी तर उचलतच नाही.

कोण? रस्त्यापलीकडची? डबा घेऊन येते ती रोज या वेळेला. हो, तीच. आमची सून. अजून आली की आधी एकदा वरच्या फळीकडं बघते. सवयीनं.

द्या ते कार्ड इकडं, लवकर — नाही. थांबा. राहू द्या. तिथंच ठेवा, कात्रीखाली नको, वर.

कव्हरचे काही नकोत. निघा तुम्ही आता, ताई. स्टूल रिकामं करा. तिला बसावं लागेल.