अर्बाब नसलेला इसम

नाव: सौ. वसुंधरा प्रशांत पाटणकर. वय ४३. धंदा: नोकरी, शाळेत इतिहास शिकवते. राहणार: अल् घुब्रा, मस्कत. मूळ गाव गुहागर तालुक्यात, जिल्हा रत्नागिरी.

मी बोलावण्याची वाट न पाहता आपणहून ठाण्यात आले असून दुभाष्यामार्फत सांगते की, मस्कतजवळच्या बरका गावातल्या बंद गोदामात उन्हाने दगावलेल्या, ओळख न पटलेल्या इसमाचा फोटो काल मोबाईलवर पाहिला. ते माझ्या माहेरचे शेजारी जाफरभाई आहेत. अंगातला निळा शर्ट माझ्या पतींचा आहे. त्याचे वेगळ्या रंगाचे बटण मी लावले आहे.

जाफरभाई बरक्याला एसी दुरुस्तीचे काम करीत. गावी त्यांची आई अत्यवस्थ असताना अर्बाबने, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाने, त्यांना जाऊ दिले नाही. आई गेली. मग त्यांनी काम सोडले आणि अर्बाबने ते पळाल्याची तक्रार दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ते आमच्याकडे आले. गाववाला दारी आला की कधी जाणार असे आम्ही विचारीत नाही. पूर्वी असे कोणी महिनाभर राहिले तरी त्याचे कोणाला काही वाटत नसे. आता ठेवणाराही गुन्हेगार होतो, हे मला माहीत होते.

गुरुवारी संध्याकाळी मुलगी उर्वी चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या नव्या कायद्यांचा धडा मोठ्याने वाचत होती. जाफरभाईंनी विचारले, "काय वाचतेस गो बाय?"

उर्वीचे मराठी अडखळते. ती म्हणाली, "काका, तिथे ना, ज्याला अर्बाब नाही तो क्रिमिनल. नुसता फिरला तरी. त्याला व्हिप करायचे, चाबकाने."

"नि ज्यानं त्याला घरात ठेवलान, त्याचं?"

"त्याला पण पनिशमेंट."

मी स्वयंपाकघरात होते. धडा मीच शिकवलेला. उत्तर बरोबर होते, म्हणून मी गप्प राहिले. इथे तसे नाही, असे खोटे तरी सांगायला हवे होते. त्याचे मला फार वाईट वाटते.

सकाळी चहाला हाक मारली तेव्हा ते घरात नव्हते. फोन आमच्याकडेच ठेवून गेले होते. त्यात आमचा नंबर सापडू नये म्हणून, असे मला वाटते.

काल पती म्हणाले, "वसू, नाव सांगितलंस की आपण अडकलो. उर्वीचं काय?" त्यांचे चुकीचे नाही. पण मी नाव सांगितले नाही तर जाफरभाई बेवारस पुरले जातील आणि त्यांची बहीण गुलबानू गावी फोनची वाट पाहत बसेल. ते माझ्याच्याने होईना. त्यांना घरात मी ठेवले. पतींना यात घेऊ नये.

दुभाष्याने सर्व मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. एक दुरुस्ती हवी. साहेबांनी वर मथळ्यात जिथे 'अर्बाब नसलेला इसम' असे लिहिले आहे, तिथे 'आमचे पाहुणे जाफरभाई' असे लिहावे. मग सही करते.