फौजदाराचा आवाज

मी, गल्लीत पडदेवाल्या ताई म्हणून ओळखली जाणारी, वय बावन्न, धंदा घरी पडदे शिवण्याचा, राहणार बाजारामागची इमारत, तळमजला. धाकट्या भावाने माझ्याविरुद्ध टीव्ही फोडल्याची तक्रार दिली आहे. त्याबाबत समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी, भाऊ आणि आई एकत्र राहतो. आईला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही.

आमच्याकडे पॉमेरेनियन जातीचा कुत्रा आहे. वजन तीन किलो, रंग नारंगी, छातीवर पांढरट झुपका, कान टोकदार, तोंड कोल्ह्यासारखे, शेपूट पाठीवर वळलेले. नाव फौजदार. आपण हसलात, पण नाव चेष्टेने ठेवलेले नाही. अंगाने मांजराएवढा असला तरी स्वतःला वाघ समजतो. दारात कोणी आले, दूध उतू गेले, आईची काठी पडली, की घर डोक्यावर घ्यायचा. या जातीचा स्वभावच तसा. दारात ओळखीचे कोण, परके कोण, हे आईला त्याच्या भुंकण्यावरून कळायचे.

गेल्या महिन्यात माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. मी दवाखान्यात असताना भावाने परस्पर फौजदाराच्या गळ्यावर शस्त्रक्रिया करून घेतली. मी घरी आले तेव्हा तो अंगावर उड्या मारत होता. तोंड उघडत होता. आतून नुसती हवा येत होती.

मी विचारले, "काय केलंस याला?"

"काही नाही गं ताई, आवाज तेवढा बंद केला. मॅच बघताना कॉमेंट्री ऐकू येईना. दिसायला आहे तस्साच आहे ना?"

"आणि आईला काय सांगायचं?"

"तिला कुठे काय दिसतंय!"

काल सकाळी मी कापड आणायला गेले होते. आई न्हाणीघरात घसरून पडली. भाऊ शेजारच्या खोलीत टीव्हीसमोर होता. त्याचे म्हणणे, त्याला काहीच ऐकू आले नाही. ते खरे आहे. मी परतले तेव्हा आईच्या मांडीचे हाड मोडलेले होते, तिला हाक मारायचेही त्राण नव्हते, आणि फौजदार तिच्या उशाशी उभा राहून भुंकत होता. साहेब, 'भुंकत होता' असेच लिहा.

आईला गाडीत घातल्यावर मी आत गेले आणि टीव्ही उचलून खिडकीतून बाहेर टाकला. भावाची तक्रार खरी आहे.

रात्री आई म्हणाली, "अंगावरून हात फिरवला की तोच आहे गं. मग बोलत का नाही? माझ्यावर रुसलाय का?"

माफी मागितली तर भाऊ तक्रार मागे घेईल, असे मला सांगण्यात आले. मी माफी मागणार नाही. माझी त्याच्याविरुद्ध आणि त्या प्राण्यांच्या डॉक्टरविरुद्ध तक्रार आहे.

जबाब मला वाचून दाखवला. "एका कुत्र्यापायी सख्ख्या भावाशी वैर कशाला, घरातल्या घरात मिटवा," हे साहेबांचे बोलणे त्यात नव्हते. माझ्या सांगण्यावरून ते आता लिहिले आहे. आता बरोबर आहे.