तिघींची एकच बेंबी

आधी माही चूक सांगतो भाऊ, मंग बाकीचं, कारण बाकीचं आधी सांगत बसलो तं चुकीपाशी येतायेता मी पुन्हा कुठीतरी वळून जाईन, दोन वर्षं मी तेच केलं. तं चूक अशी की माह्या बायकोनं पोटाच्या ऑपरेशनसाठी जो डॉक्टर पसंत केला तो तीन बायांचे फोटो पाहून केला, अन् त्या फोटोतली पोटं मी साफ केली होती. माह्या दुकानात, माह्या कंप्युटरवर, माह्या हातानं. तिनं ते फोटो मले दाखवले तवा मी खरं सांगतलं नाई. एवढंच आहे. आता लिहा.

आमी मूळचे सावली गावचे. अब्बा कल्हईवाले होते. बसच्या टपावर भाता टाकायचा अन् बाजार-बाजार फिरायचं, आज मूलचा बाजार, उद्या गडचिरोलीचा, कधी पार धानोऱ्यापर्यंत. मी संगं जाऊन बसत होतो. काळंकुट्ट पितळेचं भांडं घ्यायचे, तापवायचे, नवसागर मारायचे, कथील फिरवायचे, अन् दोन मिनिटांत ते चांदीसारखं व्हायचं, बाया त्यात तोंड पाहून हसायच्या. मले ते भल्लं आवडायचं. मंग घरोघरी स्टील आलं, ते काम गेलं, मी गडचिरोलीत एका स्टुडिओत राह्यलो, शिकलो, अन् सावलीत बस स्टँडजवळ आपलं दुकान टाकलं. फोटो, फ्लेक्स, लग्नाचे अल्बम. मले सारे फोटोवाले भाऊच म्हणतात, नाव कोणाले माहीत नाई.

घरात आमचं बोलणं हिंदी, पण तुमाले मराठीतच सांगतो, दुकानात बसूनबसून मले आता विचारही मराठीतच येते.

माह्या कामात नाव होतं ते मेलेल्या माणसांच्या फोटोसाठी. जंगलातल्या गावांतून लोकं येत, माय गेली, फोटो एकच, रेशन कार्डाचा, नाई तं कोणाच्या लग्नात मागं उभी असलेली, अर्धं तोंड दुसऱ्याच्या खांद्यामागं. ते म्हणत, भाऊ, डोळे मिटले आहेत, उघडून देजो. मी देत होतो. डोळे दुसऱ्याचे लावायचे, लुगडं चांगलं घालायचं, मागं निळा पडदा. म्हातारे माणसं फोटो हातात घेऊन रडत, म्हणत, अशीच होती. अशी नव्हती भाऊ. पण कोणाचं काय बिघडत होतं? मले वाटायचं हे पुण्याचं काम आहे, अन् आजही ते पाप होतं असं मी म्हणत नाई.

तं एक दिवस चंद्रपूरच्या एका डॉक्टरचा माणूस आला. नाव नाई सांगत. त्याच्या दवाखान्याचा फ्लेक्स अन् हातात वाटायचे कागद करायचे होते. लेकरं झाल्यावर बायांचं पोट लोंबते, ती चमडी कापून, पोट ताणून शिवायचं ऑपरेशन असते ना, टमी टक म्हणतात त्याले, त्याची जाहिरात. तीन बाया, आधीचा फोटो अन् नंतरचा फोटो. तोंड कोणाचंच नाई, नुसतं पोट. आधीचे फोटो जसे असतात तसे. नंतरचे मात्र, काय सांगू तुमाले, एकीले इकडच्या कमरेपासून तिकडच्या कमरेपर्यंत जाड लाल वळ, एकीच्या खालच्या कोपऱ्यात चमडी काळी पडलेली, अन् बेंबी तं तिघींचीही बिघडलेली. तो माणूस म्हणे, आधीचे तसेच ठेव, नंतरचे जरा साफ कर, लाइट बरोबर नव्हती. मीही म्हटलं हाव, लाइटच बरोबर नव्हती. वळ पुसले, बारीक रेघ ठेवली. काळं होतं तिथी बाजूची चमडी आणून लावली. बेंबीचं काही जमून नाई राह्यलं, तं एका साडीच्या जाहिरातीतून एक उचलली, गोल, नीट, अन् तिघींले तीच लावली, जराशी लहानमोठी करून. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. त्या बाया कुठच्या, त्यांची जखम भरली का नाई, हे माह्या मनातही आलं नाई.

आता नजमाचं सांगतो, माह्या बायकोचं. आमाले आधी सना झाली, मंग चार वर्षांनी जुळे पोरं. जुळ्यांनंतर तिचं पोट परत गेलंच नाई. मी म्हणायचो चालत जा, कमी खा, अन् ती बिचारी चालायचीही अन् कमीही खायची. पोटाचे स्नायू मधून फाकले होते, हे आमाले फार मागून कळलं. उन्हाळ्यात चमडीच्या घडीखाली चट्टे पडायचे, ती तिथी सुती कपडा दाबून ठेवायची, कंबर धरून उठायची. एस्टीत एक म्हातारी उठून तिले जागा देऊन म्हणे, बस वं बाई, कितवा महिना? जुळे तवा दुसरीत होते. घरी येऊन तिनं हे हसतहसत सांगतलं, मीही हसलो. हसायले नाई पाह्यजे होतं.

मंग भाचीचं लग्न झालं. अल्बम मीच केला, अन् करताकरता नजमाचं पोट जरा आत घेतलं, तिले न विचारता. मले वाटलं खूश होईन. तिनं अल्बम उघडला, त्या पानावर बोट ठेवलं अन् एवढंच म्हणाली, ये मैं हूँ? मी म्हटलं, तूच आहे. तिनं पान उलटलं, पुन्हा तेच काढलं. मंग म्हणे, जे तुमी कंप्युटरवर करता ते खरंच होते का हो कुठी? तिथून सुरू झालं. तोपर्यंत तिनं ऑपरेशनचं नावही काढलं नव्हतं.

तिची मावसबहीण शमीमबाजी गडचिरोलीले नर्स आहे. तिनं समजावून सांगतलं. म्हणे, हे काही फोड कापायचं काम नाई, घाई करू नको, डॉक्टरले तीन गोष्टी विचारजो. तो प्लास्टिक सर्जनच आहे का, त्यानं स्वतः हे ऑपरेशन किती केले, अन् बिघडलं तं कोण सांभाळते. तिनं ते कागदावर लिहून देल्लं, नजमानं घडी करून पर्समध्ये ठेवलं.

आधी आमी नागपूरले गेलो, शमीमबाजीनंच सांगतलेल्या डॉक्टरणीकडं. वयस्कर बाई, केस पांढरे, बोलणं कडक. तिनं कागदावरच्या तिन्ही गोष्टींची उत्तरं न चिडता देल्ली. मंग आपला अल्बम काढून दाखवला, अन् भाऊ, त्या अल्बममध्ये सारे वळ होते. लाल, जाड, एक वाकडा. ती म्हणे, हा डाग जन्मभर राहीन, कपड्याखाली लपन पण जाणार नाई. बेंबी असन, पण आतासारखी नाई दिसणार. तुमची शुगर थोडी वर आहे, ती आधी खाली आणा, सहा महिने थांबा, मंग या. घाई असन तं माह्याकडं नका येऊ. नजमा बाहेर आली तं तिचं तोंड उतरलं होतं. म्हणे, एवढं सारं करून असंच दिसणार असन तं कायले करायचं.

येताना आमी चंद्रपूरवरून आलो, तिच्या खालाले, मावशीले, भेटायचं होतं. चौकात ऑटोची वाट पाहत उभे होतो. समोर फ्लेक्स. माहाच. नजमानं माही बाही ओढली, म्हणे, हे पाहा, इथी तं डाग दिसूनच नाई राह्यला, अन् बेंबी पाहा, किती छान. तिघींचीही.

मले त्या वेळी बोलायचं होतं. तोंडाशी आलं होतं. नजमा, हे मी केलं, हे खरं नाई, एवढंच बोलायचं होतं. पण सकाळपासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर उजेड आला होता, अन् दुसरं, खरं सांगतो, मले लाज वाटली, की ही म्हणन, म्हणजे तुमी दिवसभर दुकानात हेच करता? अन् तिसरं तं तुमाले पटणार नाई. तो फ्लेक्स मी येताजाता इतक्या वेळा पाह्यला होता की मलेच वाटायले लागलं होतं, असंच झालं असन, नंतर भरलंच असन. खरे फोटो माह्या कंप्युटरमध्ये होते, घरी जाऊन फोल्डर उघडायचं होतं फक्त. मी नाई उघडलं. चौकात मी म्हटलं, हाव, चांगला डॉक्टर आहे म्हणतात.

पुढच्या आठवड्यात त्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टरनं मले पाह्यलं अन् ओळखलं, फ्लेक्स द्यायले मीच गेलो होतो. म्हणे, अरे, तुमी तं आपले डिझाइनवाले. मंग नजमाकडं पाहून म्हणे, वहिनी, यांनाच विचारा ना, आपले सारे रिझल्ट यांनी पाह्यले आहेत. अन् हसला. मीही हसलो. नजमानं पर्समधून कागद काढला होता, शमीमबाजीचा, तो तिनं तसाच घडी करून परत ठेवला. मले म्हणे, तुमच्या ओळखीचेच आहेत, कायले विचारायचं. तिले किती बरं वाटलं होतं, आपल्या माणसाची ओळख आहे म्हणून. डॉक्टर म्हणे, शुगर एवढी चालते, आठ दिवसांत वहिनी चुलीपाशी उभ्या राहतीन. तो प्लास्टिक सर्जन नव्हता, हे दारावरच्या पाटीवरच होतं, वाचलं असतं तं. मी वाचलं होतं.

ऑपरेशन झालं, पाचव्या दिवशी पट्टी काढली तवा बेंबीखालची चमडी काळी होती. मी ती पाह्यली अन् मले ओळख पटली. तोच कोपरा. जो मी पुसला होता. डॉक्टर म्हणे, होते असं कधीकधी, मलम लावा. दहाव्या दिवशी टाके सुटले, ताप चढला, तं आमी तिले नागपूरले त्याच डॉक्टरणीकडं नेलं. तिनं लगेच भरती करून घेतलं. मेलेली चमडी काढली, मांडीची चमडी आणून लावली, चार महिने ड्रेसिंग चाललं. नजमाचा जीव वाचला. बेंबी नाई राह्यली. आता ती सरळ उभी राहू शकत नाई, पोट ओढते, जरा वाकूनच चालते, अन् आधी जड वस्तू उचलताना कंबर धरायची तं आता उचलतच नाई.

पण हे नाई सांगायचं होतं मले. सांगायचं होतं ते असं की नजमानं मले दोष देल्ला नाई. डॉक्टरलेही नाई. ती म्हणायची, माह्याच चमडीत काही खोट असन, त्या तिघींचं तं किती छान झालं. म्हणायची, अल्लाहनं देल्लेलं अंग मले पसंत नाई पडलं, त्याची ही शिक्षा आहे. लग्नांत जाणं बंद केलं, फोटोत येणं बंद केलं. सना शाळेतून आली की तिच्यापुढं पोटावर ओढणी धरून बसायची. अन् मी ऐकत होतो. वर्षभर ऐकलं.

मंग एक दिवस जेवताना ती मले म्हणे, तुमची त्या डॉक्टरची ओळख आहे, तं त्या तिघींपैकी एखादीचा पत्ता काढून द्या ना. मले तिले एवढंच विचारायचं आहे, की तिनं कोणतं मलम लावलं होतं.

मी अर्धं ताट सोडून उठलो भाऊ.

दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. नमाज झाल्यावर तिले म्हटलं, दुकानात चल. पासपोर्ट फोटोसाठी लोकं बसतात त्या स्टुलावर तिले बसवलं, फोल्डर उघडलं, अन् खरे फोटो एकेक दाखवले. ती पुढं वाकली. त्या काळ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. म्हणे, हिचंही असंच झालं होतं? मी म्हटलं, हाव. अन् ही बेंबी? मी म्हटलं, कोणाचीच नाई, साडीच्या जाहिरातीतली. तिनं तिन्ही फोटो पाह्यले, पुन्हा पाह्यले. मंग म्हणे, तीन वेगवेगळ्या लावायचाही कंटाळा केला तुमी? हे ती हसून बोलली का रडून, मले सांगता नाई येणार. मंग तिनं विचारलं, चौकात उभे होतो तवा तुमाले माहीत होतं?

आता ती सनाच्या खोलीत झोपते. जेवण वाढते, पोरांचं विचारते, बाकी बोलत नाई, अन् बोलन अशी आशाही मी ठेवत नाई. ओढणी मात्र पोटावर धरून बसत नाई आता, एवढं मी पाह्यलं आहे. फ्लेक्स काढा म्हणून मी त्या दवाखान्यात दोनदा गेलो, तं तिथला माणूस म्हणे, भाऊ, फोटो आमचे आहेत, आता दुसऱ्याकडून छापतो. तो अजून चौकात आहे. त्याच्याखाली बाया ऑटोची वाट पाहतात. जंगलातून कोणी मायचा फोटो घेऊन आलं, डोळे उघडून देजो म्हटलं, तं माहा हात थांबते, मी म्हणतो मिटलेलेच राहू द्या, अन् ते लोकं दुसऱ्या दुकानात जातात.

तिनं त्या दिवशी स्टुलावर बसून विचारलं त्याचं मी जे उत्तर देल्लं, तेवढं जसंच्या तसं लिहा. मी म्हटलं, हाव, माहीत होतं. तुह्या चमडीत खोट नव्हती नजमा. त्या तिघींचंही असंच झालं होतं अन् ते मी पुसलं, अन् चौकात तू फ्लेक्स दाखवला तवा खोटं बोललो. माहं चुकलं. तुले न विचारता अल्बमात तुहं पोट आत घेतलं तवाच चुकलं. तू मले माफ नको करू, पण स्वतःले दोष देऊ नको.