चंचलची दुसरी परीक्षा

चंचल : पण पप्पा, मी सोमवारपासून कामाला येणार असं तुम्ही सांगून कसं आले? मला एकदा तरी विचारायचं ना.

धुडकू : त्याच्यात विचारायचं काय? बारावीचे पेपर झाले, घरीच बसली शे. कंपनी इच्छापोरला शे, पन जायचा वांधा नाही, त्यांची गाडी नाक्यावर येते. पॅकिंगचं काम, बसून करायचं. तिथल्या किरणभाईनं माझ्या तोंडाकडं पाहून जागा ठेवली.

मंगलाबाई : अन तुमच्या कारखान्यातल्या लूमसारखा कान फोडनारा आवाज बी नाही म्हने तिथं.

चंचल : मम्मी, तू पण? माझी गुजकेट आहे आता! इंजिनिअरिंगची परीक्षा. त्याची तयारी कोण करणार?

धुडकू : तयारी, तयारी! शाळेत शिकली ते येतंच ना तुला? नवा कारागीर येतो तेव्हा शेठ त्याला म्हनतो का, जा, तयारी करून ये? सरळ मशिनीवर उभा करतात. येतं तर येतं, नाहीतर घरी.

मंगलाबाई : जास्त बोलू नका. सूरतला आले तेव्हा माझ्या भावाच्या मशिनीमागं किती दिवस उभे राहत होते तुम्ही? डबा घेऊन मीच येत होते. अन मग गेले शेठकडं.

धुडकू : ते हात बसवायला.

चंचल : मग मलाही हात बसवायचाय! मला येतं पप्पा, पण हळू येतं. बोर्डात लांब उत्तरं लिहायची, विचार करायला टाइम मिळायचा. इथं प्रश्न वाचला की लगेच उत्तर. चार दिलेली असतात, त्यातली तीन खोटी, पण दिसायला अगदी खऱ्यासारखी. सराव नाही केला तर येत असलेलंही चुकतं.

धुडकू : हे बघ बेटा. तुझ्या मामाचा योगराज बी असाच उन्हाळाभर पुस्तक घेऊन बसला होता. परत परीक्षा दिली. काय झालं? जाऊ दे. मी काही बोललो का तुला?

चंचल : योगराजदादाचं काय मध्येच? तो नापास झाला होता. त्याची पूरक परीक्षा होती!

मंगलाबाई : अन ही कोनती व माय?

चंचल : ही इंजिनिअरिंगला जाणाऱ्या सगळ्यांना द्यावी लागते, मम्मी! वर्गात पहिली येणारी पण देते. ही दिल्याशिवाय कॉलेजवाले विचारतच नाहीत. बोर्डाचे मार्क धरतात आणि हिचे पण धरतात.

(धुडकू चहाचा कप तसाच खाली ठेवतो. पेपर संपल्यापासून त्याला धड जेवण गेलेलं नाही.)

धुडकू : म्हनजे तुझे पेपर बिघडले नाहीत?

चंचल : कोण म्हणालं बिघडले? एकदम मस्त गेले.

धुडकू : मग शेवटचा पेपर देऊन आली अन लगेच पुस्तक काय काढलं? बाकीच्या पोरी डुमसला फिरायला गेल्या. मी पाळीवर जातो तेव्हा तू पुस्तकात, पाळीवरून येतो तेव्हा बी पुस्तकात. चांगले पेपर गेलेलं पोर असं करतं का?

मंगलाबाई : मला दटावून ठेवलं, तिला काही विचारू नको. रडेल तेव्हा रडू दे.

चंचल : तरीच तू रोज शिरा करत होती!

धुडकू : मला वाटलं, रिझल्ट लागला की गल्लीतल्या बाया दारात येऊन विचारतील. तेव्हा तू कामावर असलेली बरी. कोनी तुझ्या तोंडावर बोलायला नको.

चंचल : पप्पा, किरणकाकांना काय सांगितलं तुम्ही?

मंगलाबाई : सांगा ना आता.

धुडकू : म्हटलं, पोरीनं मेहनत खूप केली, पन जमलं नाही.

चंचल : अरे देवा! परवा त्यांच्या मुलीचा फोन आला होता. ‘हिंमत राख, धीर सोडू नको’ म्हणाली मला. मी म्हटलं, हिला काय झालं? रिझल्टच्या आधीच घरच्यांनी मला नापास करून टाकलं!

धुडकू : हसू नको. किती दिवस जीव नुसता टांगनीला लागला होता माझा. कुठं शे माझी चप्पल?

मंगलाबाई : आता कुठं चालले?

धुडकू : किरणभाईकडं. सांगतो, माझंच चुकलं. पोरगी सोमवारी येनार नाही, अभ्यास करनार शे.

मंगलाबाई : मग जागा दुसऱ्याला जाईल.

धुडकू : जाऊ दे.

चंचल : पप्पा, थांबा. एवढं करून गुजकेटमध्ये खरंच कमी पडले तर?

धुडकू : तर तू मला सांगशील. तोवर मी कोनाला काही सांगनार नाही.