दहापैकी दहा

—नाही, तिथे नको, त्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, इकडे स्टुलावर बसा. आणि तो फोन आधी बंद करा. बंद म्हणजे पूर्ण बंद — हं, आता ठेवा त्या कपाटावर. मी बोलताना फोन वाजलेला मला वर्गातही चालायचा नाही. तर काय म्हणालात, माझ्या विद्यार्थिनीचे यजमान? म्हणजे शाळेचे जावईच झालात की! सांगा, जावईबापू. तुमची पोरगी तीन दिवस दवाखान्यात, आई-आई करतेय, घास गिळत नाही, आणि आई वॉर्डच्या दाराबाहेर उभी — आत पाऊल टाकत नाही. का, तर म्हणे, 'मी जवळ बसले, मनातून काही मागितलं, की माणूस जातं.' आणि हे तिला शिकवलं कुणी, तर मी! वा. चौतीस वर्षं पोरांच्या डोक्यातली खुळं काढता काढता माझे केस पिकले, आणि खूळ घातल्याचा आरोपही माझ्यावरच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आठवते का? न आठवायला काय झालं! देवबाई. खरं नाव नका सांगू, ते हजेरीपटात असेल. मी देवबाई म्हणायचो, मग सगळा वर्ग म्हणायला लागला, मग शिपाईसुद्धा. सातवीत होती, दुसऱ्या बाकावर, वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या. मी जंतू शिकवत होतो — आजार कशानं होतो, कशानं बरा होतो — औषधानं, म्हटलं. तर हिचा हात वर. 'सर, माझी आई आजारी आहे, मी रोज प्रार्थना करते, त्यानंही तिला बरं वाटतं.' आणि वर्ग हसला नाही, हे लक्षात घ्या — चाळीस पोरं माना डोलावत होती! म्हटलं, असं? मग करूनच बघू. दोन कुंड्या, 'क' आणि 'ख'. माती एकच, घेवड्याचं बी एकाच पुडीतलं, पाणी रोज ज्याच्या त्याच्या बाटलीतून, मोजून पन्नास मिलिलिटर. 'क'साठी तू प्रार्थना करायची, 'ख'साठी नाही. महिन्याभरानं बघू. आता तुम्ही म्हणाल, दोन कुंड्यांवरून काय सिद्ध होतं? काही नाही! वीस-वीस तरी हव्यात, मला काय कळत नव्हतं? पण मला सिद्ध कुठे करायचं होतं — मला तिचं तोंड बंद करायचं होतं.

तर ती रोज शाळा भरायच्या आधी अर्धा तास यायची. प्रयोगशाळेची किल्ली मीच द्यायचो. खिडकीत उभी राहून डोळे मिटायची, ओठ हलायचे, मग मोजपात्र डोळ्यांच्या पातळीवर धरून पाणी मोजायची — एक थेंब इकडे-तिकडे नाही. हात चांगला होता तिचा, खोटं कशाला बोलू. आणि तिसऱ्या आठवड्यात 'क' साडेअकरा सेंटिमीटर, 'ख' आठ! हसताय? हसा. अहो, 'क'वर सकाळचं ऊन आधी यायचं, एवढी साधी गोष्ट. कुंड्यांच्या जागा बदलल्या असत्या तर चार दिवसांत उलट झालं असतं. पण तोवर मुख्याध्यापिकाबाई डोकावून 'अरे वा' म्हणून गेल्या, आणि पोरं काय करायला लागली माहितीये? पेन्सिली आणून ठेवायची त्या कुंडीपाशी, परीक्षेच्या आधी! एकानं हात मोडलेल्या भावाचं नाव चिठ्ठीवर लिहून ठेवलं. माझ्या प्रयोगशाळेत! — आणि तो कागद... तो कागद काही मी पोरांसारखा ठेवला नव्हता. नुसता घडी घालून कुंडीखाली सरकवला होता. हिच्या तपासणीचा. माझ्या बायकोच्या. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा तपासू, आशा धरू नका. एक सकाळभरच ठेवला, नुसतं बघायला —

काय? कुठला कागद? मी म्हणालो? बरं, म्हणालो असेन. आता ऐकलंतच तर पुरतं ऐका. पाणी घालायला तिनं कुंडी उचलली आणि कागद दिसला. उघडला नाही, नाव वाचलं फक्त. मग माझ्याकडे बघितलं — आणि हळू आवाजात म्हणाली, 'सर, मी आजपासून बाईंसाठीपण म्हणेन. कुणाला सांगणार नाही.' कळतंय का तुम्हाला? ती मला! बारा वर्षांची कार्टी, नाक पुसायची अक्कल नाही, ती माझी कीव करणार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच संध्याकाळी 'क'च्या पाण्याच्या बाटलीत मी मीठ घातलं. तीन चमचे, छान ढवळून. दुसऱ्या दिवशीपासून तिनंच घातलं ते पाणी, मोजून, पन्नास मिलिलिटर, थेंबभरही न सांडता.

बसा. उठू नका, अजून संपलं नाही. पानं कडेनं पिवळी पडली, तशी ती अर्ध्याऐवजी एक तास आधी यायला लागली. जितकं रोप वाळेल तितकी प्रार्थना लांब. मी दारातून बघायचो. सांगू शकलो असतो, हो, रोज सांगू शकलो असतो. महिना भरला, 'ख' खिडकीच्या गजाला लागलेलं आणि 'क' काडी झालेलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला! सगळ्या वर्गासमोर म्हटलं, देवबाई, निष्कर्ष लिही. मला वाटलं, लिहील की प्रार्थनेनं काही होत नाही. तर तिनं काय लिहावं? 'सर्व परिस्थिती समान होती. फक्त प्रार्थना वेगळी होती. रोप आधी वाढत होते. मी जास्त प्रार्थना केली तेव्हा ते मेले. निष्कर्ष : माझ्या प्रार्थनेने मरते.' मी दोनदा वाचलं. अहो, तर्क बिनचूक होता! हातात जी माहिती होती तिच्यावरून दुसरा निष्कर्ष निघतच नव्हता. एवढ्या वर्षांत एकाही पोरानं इतकं स्वच्छ लिहिलं नव्हतं. मग मी काय करणार — दहापैकी दहा दिले. खाली 'शाब्बास' लिहिलं.

त्या दिवसापासून तिनं आईसाठी म्हणायचं सोडलं, हे मला नंतर कळलं. आई गेली तेव्हा भेटायला गेलो होतो, शाळेतर्फे. आई शेवटचे चार दिवस हिला हाका मारत होती म्हणे, आणि ही दाराबाहेर. मला बघून जवळ आली. 'सर, मी थांबवलं होतं. पण थांबवायला उशीर झाला का?' एवढंच विचारलं. सगळे बघत होते हो, तिचे वडील, शेजारी. मी म्हटलं, अभ्यासाकडे लक्ष दे.

आता तुमचं म्हणणं, मी दवाखान्यात यावं आणि त्या दाराशी उभं राहून सांगावं की मीठ होतं. परवा काय आहे, ठाऊक आहे? शाळेत प्रयोगशाळेला माझं नाव देतायत. पाटी तयार झालीये. चौतीस वर्षांची पोरं येणार आहेत, कुणी डॉक्टर, कुणी इंजिनियर. आणि मी काय सांगू त्यांना, की तुमच्या सरांनी प्रयोगात खोटं केलं, एका पोरीची जिरवायला? झाकली मूठ सव्वा लाखाची, जावईबापू. नाही येणार मी. आणि तुमचे डोळे पुसा, स्टुलावर पाणी पडतंय.

तुम्ही सांगा ना तिला. जा, खुशाल सांगा, मी अडवतोय का? पण मी ओळखतो तिला. ती तुमचं सगळं ऐकून घेईल, शांतपणे, आणि मग विचारेल — पुरावा काय? तेवढं मी पक्कं शिकवलंय. आणि कुणी मला विचारलं तर मी म्हणेन, कोण गृहस्थ, माझ्याकडे कुणी आलं नव्हतं.

दार ओढून घ्या जाताना, धूळ येते. आणि फोन विसराल कपाटावर. — बंदच होता ना? दाखवा बघू.